नाव देणे आणि नावे ठेवणे : लैंगिक आघाताच्या मराठी परिभाषेचा विचार

मराठीत 'नाव ठेवणे' या प्रयोगाचे दोन अर्थ रूढ आहेत. बारशाला मुलाचे नाव ठेवले जाते. आणि चाळीच्या गॅलरीत उभे राहून लोक एखाद्याला नावे ठेवतात. पहिला अर्थ नामकरणाचा, दुसरा निंदेचा. एरवी हे दोन अर्थ संदर्भाने सहज वेगळे होतात. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मात्र ते एकमेकांत मिसळून जातात. घटनेला नाव दिले तर जिच्यावर ती गुदरली तिलाच नावे ठेवली जातील, या भयाने मराठी समाजाने घटनेला नाव न देणे हाच दयेचा मार्ग मानला. 'वाच्यता करू नये' हा अशा प्रसंगीचा नेहमीचा सल्ला. या 'वाच्यता' शब्दाचा इतिहासही बोलका आहे. मराठीत त्याचा अर्थ उघडपणे बोलणे असा आहे. संस्कृतात 'वाच्यता' म्हणजे निंदा, दूषण. बोलले जाणे आणि बोल लागणे यांत भाषेने फारसे अंतर ठेवलेले नाही.

या शब्दसंग्रहाची टीकात्मक तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : लैंगिक अत्याचारात तीन गोष्टींच्या नावांचा प्रश्न उद्भवतो. एक व्यक्तीच्या, दुसरा गुन्ह्याच्या आणि तिसरा मागे राहणाऱ्या इजेच्या. यांपैकी कोणते नाव झाकावयाचे आणि कोणते उघड करावयाचे, याबाबत मराठी व्यवहाराने दीर्घकाळ उलटा क्रम पाळला. गेल्या चार-पाच दशकांत पहिल्या दोन नावांचा क्रम पुष्कळसा सुधारला. तिसरे नाव मात्र अद्याप स्थिरावलेले नाही; आणि ज्या इजेला नाव नाही तिच्यावर उपचारही मागता येत नाहीत.

१. परळ, १९७३

विवेचनाचा आरंभ मुंबईतील सर्वांत परिचित प्रकरणापासून करणे सोयीचे होईल. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका कर्मचाऱ्याने तळघरात हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्या पुन्हा कधी बोलू वा चालू शकल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात होत्या. आरोपीवर खटला चालला. जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न या अपराधांसाठी त्याला प्रत्येकी सात वर्षांची, एकत्र भोगावयाची शिक्षा झाली. हल्ला लैंगिक होता. परंतु त्या अंगाचा आरोपच ठेवला गेला नाही. तरुण परिचारिकेचे लग्न ठरलेले होते, तिची आणि तिच्या माणसांची समाजात मानहानी होऊ नये, या विचाराने ती बाजू नोंदीबाहेर राहिली, असे या प्रकरणावरील लेखनात सांगितले जाते.

या निर्णयामागील सद्भाव नाकारण्याचे कारण नाही. गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींतून राहणाऱ्या माणसाला बभ्रा होणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सामाईक गॅलरी, सामाईक नळ आणि एकमेकांना लागून असलेली दारे अशा वस्तीत गुप्तता ही दुर्मीळ आणि म्हणून मौल्यवान वस्तू होती. झाकणे हे तेथे प्रेमाचे कृत्य ठरू शकत होते. परंतु येथे प्रत्यक्षात काय झाकले गेले ते पाहिले पाहिजे. व्यक्तीचे नाव झाकले गेले नाही; ते पुढे सर्वतोमुखी झाले, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाच्या शीर्षकातही आले. झाकले गेले ते गुन्ह्याचे नाव. अब्रू राखण्यासाठी केलेल्या या योजनेत अब्रूचा विषय लोकांच्या चर्चेत राहिलाच, आणि जे न्यायालयापुढे यावयास हवे होते ते मात्र आले नाही.

यात एक भाषिक योगायोग आहे. मराठीत अशा घटनेला 'अब्रू लुटली' असे म्हणतात. लूट हे तेथे रूपक आहे. १९७३ च्या या प्रकरणात रूपकाचा विषय गळला आणि वाच्यार्थ तेवढा उरला : न्यायालयात सिद्ध झाली ती वस्तूंची लूट.

नाव द्यावयाचे ठरवले असते तरी कायद्याकडे योग्य नाव होते असेही नाही. भारतीय दंड संहितेतील बलात्काराची व्याख्या १८६० पासून २०१३ पर्यंत एका विशिष्ट प्रकारच्या संभोगापुरती मर्यादित होती. या परिचारिकेवर झालेला अत्याचार त्या व्याख्येत बसत नव्हता. तो निसर्गक्रमाविरुद्धच्या अपराधांच्या कलमात, म्हणजे ज्या कलमाला इच्छा-अनिच्छेचा भेदच ठाऊक नव्हता अशा कलमात, टाकावा लागला असता. अत्याचाराची तीव्रता तीच; शरीराचा भाग बदलला की नाव बदलत होते.

२. शब्दांची झडती

मराठीत या क्षेत्रातील शब्दांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग प्रतिष्ठावाचक शब्दांचा : अब्रू, इज्जत, शील, विनय, चारित्र्य. 'अब्रू' फारसी, 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा, चेहऱ्यावरचे पाणी असा तिचा मूळ अर्थ. 'इज्जत' अरबी. शील आणि विनय संस्कृत. वंश भिन्न असूनही या शब्दांचे काम एकच आहे : अत्याचाराने झालेली हानी शरीरात वा मनात नव्हे, तर लोकांच्या दृष्टीत दाखवणे. ज्या गोष्टीला 'जाणे', 'लुटणे', 'भंगणे' ही क्रियापदे लागतात ती गोष्ट एकदाच जाते आणि परत येत नाही. त्यामुळे या वर्गातील शब्दांना बरे होण्याची कल्पनाच नाही. जखम भरून येते. गेलेली अब्रू भरून येत नाही. उपचाराच्या दृष्टीने हा या शब्दांचा सर्वांत मोठा दोष होय.

'विनयभंग' हा शब्द तर कायद्याचाच आहे. विनय हा गुण आहे, आणि गुण भंगला की नाही हे ठरवावयाचे तर तो आधी होता की नाही हे पाहिले जाते. साक्षीपुराव्याच्या कायद्यात फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर प्रश्न करण्याची मुभा देणारी तरतूद होती. ती २००३ साली रद्द झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही स्त्रीच्या विनयाचा उल्लेख कलम ७४ मध्ये कायम आहे. तरतूद गेली, पण शब्द राहिला.

दुसरा वर्ग झाकणाऱ्या शब्दांचा : अतिप्रसंग, छेडछाड, वाईट कृत्य, नको ते घडले. यांत 'अतिप्रसंग' हा वृत्तपत्रांचा विशेष आवडता शब्द. न्यायशास्त्रात अतिप्रसंग ही तर्कदोषाची संज्ञा आहे. नियम त्याच्या योग्य क्षेत्राबाहेर ताणला गेला की अतिप्रसंग होतो. मर्यादा ओलांडणे ही कल्पना तेथून आली, आणि मराठी वापरात ती स्त्रीच्या देहावरील आक्रमणाला चिकटली. परंतु अतिरेक म्हणताच त्याच्या अलीकडे एक क्षम्य प्रमाण होते असा ध्वनी निघतो. 'छेडछाड' या शब्दाने तर त्रासाला खेळाचे रूप येते.

तिसरा वर्ग कृतिवाचक शब्दांचा. यात मुख्य शब्द 'बलात्कार'. हा शब्द ऐकताच आज जो संकोच होतो त्यामुळे त्याच्या घटनेकडे कोणी पाहत नाही. 'बलात्' हे पंचमीचे रूप. बळाने केलेले ते बलात्कार. शब्दात स्त्री नाही, शील नाही, अब्रू नाही, लैंगिकताही नाही. प्राचीन व्यवहारशास्त्रात ऋणकोला अडकवून बळाने धनकोचे देणे वसूल करणे यालाही बलात्कार म्हणत. अनिच्छेवर बळाची मात, एवढेच या शब्दाचे सांगणे आहे. आणि आजच्या कायद्याने दीर्घ वादानंतर संमतीला जे मध्यवर्ती स्थान दिले आहे त्याच्याशी ते तंतोतंत जुळते. लज्जा शब्दाच्या घटनेत नाही. ती वापराने त्याच्यावर चढलेली आहे. तरीही शासकीय मराठीने दंड संहितेच्या अनुवादात 'बलात्संग' असा निराळा शब्द योजला. तो कोणी बोलत नाही. न्यायालयाच्या कागदावर एक शब्द आणि फिर्यादीच्या तोंडी दुसरा, अशी ही फारकत आहे.

या तिन्ही वर्गांतील बहुतेक शब्दांत आणखी एक उणीव समान आहे : पुरुषाला त्यांत जागा नाही. पुरुषाचा विनयभंग होत नाही, त्याचे शील भ्रष्ट होत नाही. त्याच्या बाबतीत मराठीत थट्टेचे शब्द आहेत, दुःखाचे नाहीत. बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ साली झालेल्या कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. परंतु प्रौढ पुरुषावरील अत्याचार ज्या एका कलमाखाली येऊ शकत होता ते जुने कलम ३७७ न्याय संहितेत आलेच नाही. भाषेत नसलेले नाव आता कायद्यातही नाही.

३. क्रियापदाचा प्रश्न

नामांइतकेच क्रियापदांकडेही लक्ष दिले पाहिजे. 'त्याने तिच्यावर बलात्कार केला' या वाक्यात कर्ता तृतीयेत का होईना, उपस्थित आहे. 'तिच्यावर बलात्कार झाला' या वाक्यात व्याकरणदृष्ट्या 'बलात्कार' हाच कर्ता आहे. करणारा वाक्यातून निघून गेला आहे. 'पाऊस झाला', 'अपघात झाला' यांच्या पंक्तीला ही घटना जाऊन बसते. 'तिची अब्रू गेली' येथे आणखी एक पाऊल पुढे टाकले जाते : करणारा तर नाहीच, पण स्त्रीही षष्ठीत सरकून केवळ गेलेल्या वस्तूची मालकीण उरते.

'होणे' हे क्रियापद वापरणारा प्रत्येकजण अपराध्याला पाठीशी घालतो असा याचा अर्थ नव्हे. कर्ता अज्ञात असेल तेव्हा अशी रचना अपरिहार्यच आहे. आक्षेप आहे तो सवयीला. कर्ता ज्ञात असताना, पकडला गेला असताना, शिक्षा झाली असतानाही वाक्य 'झाला'वरच थांबते. आणि चोरीच्या वा खुनाच्या बातमीत हीच लेखणी 'केला' म्हणावयास कचरत नाही. करणाऱ्याला वाक्यातून वगळले की ऐकणाऱ्याची जिज्ञासा उरलेल्या एकमेव व्यक्तीकडे वळते : ती तेथे का गेली, त्या वेळी का गेली, ओरडली का नाही.

हे प्रश्न काल्पनिक नाहीत. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचे 'मथुरा प्रकरण' सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा अंगावर जखमा नसणे आणि आरडाओरडा केलेला नसणे यांवरून १९७८ साली आरोपी पोलीस निर्दोष ठरले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून मांडलेला मुद्दा मूलतः अर्थविचाराचा होता : वश होणे आणि संमती देणे हे समानार्थी शब्द नव्हेत. त्या पत्रानंतर १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, आणि १९८३ साली कायदा बदलला. अत्याचारग्रस्त व्यक्तीचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदी घालणारे कलम त्याच दुरुस्तीत आले. झाकावयाचे ते नाव कोणते, हे प्रथमच नीट ठरले.

४. सैनिकाची जखम

तिसऱ्या नावाकडे, म्हणजे इजेच्या नावाकडे, वळण्यापूर्वी एका दूरच्या क्षेत्रात जाणे आवश्यक आहे. कारण मानसिक आघाताची आधुनिक संज्ञा स्त्रियांच्या दुःखातून नव्हे, तर सैनिकांच्या दुःखातून घडली.

पहिल्या महायुद्धात थरथरणे, मुके होणे, झोपेतून किंचाळत उठणे अशी लक्षणे असलेले सैनिक मोठ्या संख्येने आघाडीवरून परत येऊ लागले. चार्ल्स मायर्स या वैद्यकाने १९१५ साली 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' ही संज्ञा वापरली. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्थेला इजा होते अशी त्यामागील समजूत होती. गोळा जवळ न फुटताही लक्षणे दिसू लागली तेव्हा संज्ञा अपुरी ठरली, आणि मग पर्यायी शब्द पुढे आला तो भ्याडपणाचा. भ्याडपणा, पलायन व तत्सम अपराधांसाठी गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली मरणोत्तर क्षमा केली. शौर्य ही सैनिकाची अब्रू होय. इजा झालेल्या माणसाकडे केवळ प्रतिष्ठेच्या मापाने पाहिले की ती इजा न दिसता उणीव तेवढी दिसते, हे स्त्रीच्या बाबतीत जितके खरे तितकेच सैनिकाच्याही.

व्हिएतनाम युद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांच्या आग्रहातून १९८० साली तेथील मनोविकार वर्गीकरणात 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' ही संज्ञा अधिकृत झाली. ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी त्याआधी १९७४ साली, परळच्या घटनेनंतर अवघ्या एका वर्षाने, बॉस्टनच्या रुग्णालयात आलेल्या ९२ प्रौढ स्त्रियांच्या निरीक्षणावरून बलात्कारानंतरच्या लक्षणसमूहाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. दोन्ही वर्णनांत साम्य विलक्षण होते : प्रसंग पुनःपुन्हा अनुभवास येणे, त्याची आठवण देणारे सर्व टाळणे, सतत दचकणे, झोप उडणे. जुडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात हे दोन प्रवाह एकत्र आणले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, बलात्कार हाच आपल्यावरील सर्वांत मोठा आघात असे सांगणाऱ्यांपैकी ४५.९ टक्के स्त्रियांत आणि ६५ टक्के पुरुषांत हा विकार आढळला. युद्धात लढलेल्यांपेक्षाही हे प्रमाण अधिक होते.

ज्या सैनिकावर सैन्यातच लैंगिक अत्याचार झाला त्याच्या ठिकाणी हे दोन्ही प्रवाह मिळतात. शौर्य आणि शील या दोन्ही मापांनी तो उणा ठरवला जातो, आणि म्हणून दोन्ही बाजूंनी मुका होतो. अमेरिकेत १९९२ साली स्त्री माजी सैनिकांसाठी, आणि १९९४ साली पुरुषांसाठीही, अशा उपचारांची कायदेशीर तरतूद झाली. 'सैन्यांतर्गत लैंगिक आघात' असे तिला स्वतंत्र नाव मिळाले. तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत येणाऱ्या प्रत्येकाला यासंबंधी प्रश्न विचारला जातो. पूर्वी तक्रार केलेली नसली, कागद नसला, तरी त्या आघातावरील उपचार मोफत मिळतात. येथे इजेचे नाव गुन्ह्याच्या नावापासून वेगळे केले गेले. गुन्हा सिद्ध होवो वा न होवो, इजा आहे हे मान्य झाले. भारतीय सैन्यात १९९२ पासून स्त्री अधिकारी आहेत, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुली शिकत आहेत, आणि माजी सैनिकांची घरे महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत आहेत; अशा स्थितीत ही कल्पना मराठीत मांडता येण्याजोगी असणे हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न नाही.

५. तिसरे नाव

त्या इंग्रजी संज्ञेला मराठीत 'आघातोत्तर ताण विकृती', 'आघातपश्चात तणाव विकार' असे निरनिराळे प्रतिशब्द आढळतात. त्यांपैकी 'विकृती' हे पद प्रथम टाकले पाहिजे. मराठी वृत्तपत्रे बलात्कार करणाऱ्याला 'विकृत' म्हणतात. करणारा विकृत, आणि जिने सोसले तिला विकृती, अशी ही वाटणी आहे. वैद्यकीय परिभाषेत 'विकृती'चा अर्थ तटस्थ असेलही. पण रुग्णाला तो शब्द कोशातून कळत नाही, वर्तमानपत्रातून कळतो.

'उत्तर' आणि 'पश्चात' या पदांवरील आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ही पदे काळ सांगतात. आघात संपला, नंतर विकार आला, असा क्रम सुचवतात. या विकाराचे वैशिष्ट्य नेमके उलटे आहे : घडून गेलेले त्यात भूतकाळात जात नाही. साधी आठवण भूतकाळात सांगता येते. येथे वास, आवाज, अंधार यांपैकी काहीही पुरे होते आणि प्रसंग वर्तमानकाळात चालू होतो. म्हणून काळ सांगणाऱ्या पदापेक्षा कारण सांगणारे पद योग्य ठरेल. 'आघातजन्य ताणविकार' असे म्हटले असता विकाराचे मूळ व्यक्तीच्या दुबळेपणात नसून आघातात आहे हे शब्दच सांगतो. 'आघात' ही संज्ञा ध्वनिविचारातही आहे. शब्दातील एका अक्षरावर आघात पडला की शेष अक्षरांचे वजनही त्याच्या अनुरोधाने ठरते. संपूर्ण आयुष्याची लय एका प्रसंगाभोवती ठरणे या अर्थाशी ते विसंगत नाही.

पारिभाषिक संज्ञा दवाखान्याच्या कागदावर उपयोगी पडेल. दवाखान्यातल्या बोलण्यासाठी दुसरा शब्द लागेल, आणि तो मराठीत आहे. 'धसका'. 'तिने धसका घेतला' हे वाक्य लालबागच्या आजीलाही कळते. भीती क्षणाची असते, धसका टिकतो. आणि धसका घेतलेल्या माणसाला कोणी नावे ठेवत नाही. अपघात, दंगल, मृत्यू यांच्या संदर्भात सर्रास वापरला जाणारा हा शब्द लैंगिक अत्याचाराच्या संदर्भात मात्र वापरला जात नाही, कारण तेथे अब्रूने त्याची जागा आधीच घेतलेली असते.

प्रश्न कसा विचारावा हेही शब्दांवरच अवलंबून आहे. मेरी कॉस यांनी १९८० च्या दशकात अमेरिकी विद्यार्थिनींची जी पाहणी केली तीत, कायद्याच्या व्याख्येत बसणारा अनुभव घेतलेल्या अनेक स्त्रिया स्वतः त्या अनुभवाला बलात्कार म्हणत नव्हत्या. कृतीचे साधे वर्णन करून विचारल्यावर मात्र त्या होय म्हणत. मराठीत जेथे नावाबरोबर निंदा येते तेथे ही पद्धत अधिकच आवश्यक आहे. 'तुमची इच्छा नसताना कोणी तुमच्या अंगाला हात लावला का' या प्रश्नाला उत्तर मिळू शकते. 'तुमच्यावर अतिप्रसंग झाला का' या प्रश्नाला बहुधा मौन मिळेल.

६. न ऐकलेले निवेदन

या विषयावर मराठी वाङ्मयाने पुष्कळ लिहिले आहे. परंतु येथे एकाच कृतीचा विचार पुरेसा आहे. विजय तेंडुलकरांच्या, 'रंगायन'ने १९६७ साली रंगभूमीवर आणलेल्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात गंमत म्हणून सुरू झालेला अभिरूप खटला लीला बेणारे या शिक्षिकेच्या खाजगी आयुष्यावर उलटतो. कोवळ्या वयात मामाने केलेली फसवणूक त्यात उघड होते. शेवटी तिला बोलण्यासाठी दहा सेकंद दिली जातात. ती दीर्घ बोलते. पण त्या वेळी रंगमंचावरील इतर सर्व पात्रे निश्चल झालेली असतात. ती पुन्हा हलू लागतात तेव्हा तिची वेळ संपलेली असते. प्रेक्षकांनी सर्व ऐकले आहे. न्यायालयाने काहीच ऐकलेले नाही.

या स्वगताकडे आजवर मुख्यतः सामाजिक दंभावरील प्रहार म्हणून पाहिले गेले. भाषेच्या अंगाने पाहता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बेणारेचे बोलणे क्रमवार नाही. ते आयुष्याविषयीच्या तत्त्वज्ञानातून वर्गातल्या मुलांकडे, तेथून मामाकडे, पुन्हा वर्तमानाकडे असे उड्या घेते. काशीकरांच्या कोर्टाची भाषा याउलट संस्कृतप्रचुर, सलग आणि निःशंक आहे. आघात झालेल्या व्यक्तीचे कथन तुटक असते, क्षुल्लक तपशील लख्ख आणि महत्त्वाचा क्रम धूसर असतो, हे आज वैद्यकाने मान्य केले आहे. पोलीस ठाण्यातील जबाबाला मात्र घटनाक्रम हवा असतो. मग तुटकपणा म्हणजे विसंगती, आणि विसंगती म्हणजे असत्य, असे समीकरण बनते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमित सिंग प्रकरणात किरकोळ विसंगतींवरून साक्ष फेटाळू नये असे सांगितले. तेंडुलकरांनी हा प्रश्न त्याच्या जवळजवळ तीन दशके आधी रंगमंचावर मांडला होता. नाटककाराला मनोवैद्यक ठरवण्याचा येथे हेतू नाही. कथनाचे रूप आणि ऐकणाऱ्याची अपेक्षा यांतील तफावत त्याच्या कानाने टिपली, एवढेच.

७. आधाराचे शब्द

१९७३ नंतर ४० वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१३ रोजी, परळपासून फार दूर नसलेल्या महालक्ष्मी येथील बंद पडलेल्या शक्ती मिलमध्ये एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. या दोन प्रकरणांची तुलना उद्बोधक आहे. पहिल्यात व्यक्तीचे नाव सर्वांना ठाऊक झाले आणि गुन्ह्याचे नाव नोंदले गेले नाही. दुसऱ्यात गुन्हा नावानिशी नोंदला गेला, आरोपींना शिक्षा झाली, आणि व्यक्तीचे नाव कायद्याने झाकले. या घटनेने आयुष्य संपत नाही, लवकर कामावर जावयाचे आहे, असे त्या तरुणीने म्हटल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. अब्रूच्या कोशात न सापडणारा विचार येथे पीडितेच्याच तोंडून आला.

परंतु मुंबईच्या स्मरणात आजही अधिक खोल रुतलेली प्रतिमा पहिलीच आहे, आणि तिचा एक परिणाम दुर्लक्षिला जातो. अरुणा शानबाग यांची इजा मेंदूची होती. त्यांच्या बाबतीत आघातजन्य ताणविकाराचा प्रश्नच नव्हता. तरीही खाटेवरील तो निश्चल देह हेच लैंगिक अत्याचाराचे सार्वत्रिक चित्र बनले. 'जिवंतपणी मरण' हा शब्दप्रयोग त्या चित्राला जणू पुष्टी देतो. जी स्त्री दुसऱ्या दिवशी दादरला गाडी पकडून कामावर जाते, घरी स्वयंपाक करते, आणि रात्री झोपत नाही, तिच्यासाठी या चित्रात जागा नाही. मेलेल्याचा शोक करतात. उपचार जिवंताला लागतात.

त्याच रुग्णालयातील परिचारिकांचे वर्तन मात्र याहून वेगळे होते. १९८० च्या दशकात महानगरपालिकेने त्यांना अन्यत्र हलवण्याचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि तो बेत रद्द झाला. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने इतक्या वर्षांत रुग्णाच्या अंगावर शय्याव्रण झाले नाही याची नोंद केली, आणि निर्णयाचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांकडे असल्याचे मानले. परिचारिकांच्या कित्येक पिढ्यांनी, अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे एवढ्याच कृतींतून, जे सांगितले त्याला अब्रूच्या शब्दसंग्रहातील एकाही शब्दाची गरज पडली नाही. मराठीत 'आधार' म्हणजे काय याचे हे वस्तुनिष्ठ उदाहरण आहे.

संघटित आधारासाठी निघालेल्या योजनांची नावेही पाहण्याजोगी आहेत. या शतकाच्या आरंभी महानगरपालिका आणि 'सेहत' या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी सुरू केलेल्या केंद्राचे नाव 'दिलासा'. राज्य शासनाने ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू केलेल्या अर्थसाहाय्य व पुनर्वसन योजनेचे नाव 'मनोधैर्य'. दिलासा ही देणाऱ्याने करावयाची कृती आहे; मनोधैर्य हा घेणाऱ्याच्या अंगी असावयाचा गुण आहे. पुन्हा एकदा गुणाची अपेक्षा! योजनेची उपयुक्तता याने कमी होत नाही. परंतु तिचा लाभ गुन्ह्याच्या नोंदीशी जोडलेला आहे, म्हणजे तिसरे नाव येथेही दुसऱ्या नावाच्या आश्रयाने राहते. जिने तक्रार केली नाही तिचा धसका शासनाच्या लेखी अस्तित्वात नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत पोलीस तक्रार नसतानाही वैद्यकीय उपचार द्यावेत आणि मानसिक प्रथमोपचारही करावेत असे म्हटले आहे. ते मराठी दवाखान्यांच्या भाषेत उतरवण्याचे काम मोठ्या प्रमाणात शिल्लक आहे.

हे काम केवळ वैद्यकांचे वा विधिज्ञांचे नाही. भाषा विभागांकडून त्यात तीन गोष्टींची अपेक्षा करता येईल. शासकीय परिभाषेतील 'विनय', 'शील' या पदांना पर्याय सुचवणे ही पहिली. बाह्यरुग्ण विभागात विचारावयाच्या प्रश्नांची, कोकणी-मालवणी-वऱ्हाडी बोलणाऱ्यांनाही कळेल अशी साधी मराठी वाक्ये तयार करून ती तपासून पाहणे ही दुसरी. या वाक्यांत पुरुषालाही उत्तर देता आले पाहिजे. आणि जबाबांच्या भाषेचा, तिच्यातील तुटकपणाच्या प्रकारांचा पद्धतशीर अभ्यास, ओळख पूर्णपणे गुप्त ठेवून, हाती घेणे ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी एखाद्या पदव्युत्तर वर्गाला वर्षभरात करता येतील. तिसरीला अधिक काळ लागेल. तिला आरंभ करण्यापूर्वी ऐकण्याचे शिक्षणही घ्यावे लागेल, कारण दहा सेकंदांत कोणीही जबाब देऊ शकत नाही.